मालकाचा रकाना

फरश्यांच्या कारखान्याच्या गेटवरच्या कारकुनाने कागद खिडकीतून परत सरकवला आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे मालकाची सही राहिली." खिडकीबाहेरच्या ड्रायव्हरने कागदाकडे पाहिलं. चालकाची सही त्याने ठसठशीत केली होती, खाली तारीखही घातली होती. शेजारची चौकट त्याला दिसलीच नव्हती. दिसण्याचं कारणच नव्हतं. "मालक येतील मागाहून," तो म्हणाला आणि मागच्याला जागा देऊन बाजूला उभा राहिला. एकोणीस वर्षं तो असल्या खिडक्यांसमोर असाच बाजूला उभा राहत आला होता. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "कोण येतील? गाडी तुमच्याच नावावर आहे ना? मालक-चालक एकच, असं लिहून दिलंय तुम्ही." रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने सही केली, पण ती सही काही आली नाही. पहिलं अक्षर आलं आणि पुढची रेघ घसरत चौकटीबाहेर गेली. "दोनच्या आत फरश्या उतरल्या पाहिजेत, मालक," कारकून म्हणाला. त्या 'मालक'मध्ये चेष्टा होती की मान, ते कळलं नाही. "पहिली खेप आहे. यादीत तुमचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. खेप नीट झाली की पेनाने लिहीन." आणि त्याने खरंच वही फिरवून दाखवली. वरची दहाबारा नावं निळ्या शाईत होती आणि तळाशी त्याचं, राखाडी, पुसट.

गाडी नावावर होऊन आज आठवा दिवस. जुन्या मालकांचीच गाडी, सहा वर्षं त्यानेच चालवलेली. त्यांनीच बोलावून सांगितलं होतं, "घेऊन टाक तू. सवडीने दे पैसे. तू माझा माणूस." गाडी घरासमोर आणली त्या दिवशी बायको शिवणाच्या कारखान्यातून तशीच, गळ्यात मोजायची टेप लोंबकळत असताना, केबिनमध्ये चढून बसली होती. पाय खाली टेकत नव्हते तिचे. "आता तुम्हाला कोण ओरडणार?" ती म्हणाली. "कोणी नाही." "मग तुम्हाला करमायचं कसं हो?" आणि स्वतःच हसत सुटली. मग त्याने नवी कोरी वही पुढे केली. मालाच्या गाडीत दोषवही ठेवावी लागते, तसा नियमच आहे. डावीकडे ड्रायव्हरने लिहायचं, गाडीत काय बिघडलंय, कधी कळलं. उजवीकडे मालकाने वाचून लिहायचं, काय करायचं ते, आणि सही ठोकायची. तिने पट्टी धरून पानापानावर रेघा मारल्या. शिवणारी बाई, रेघ कशी सूतभर हलायची नाही. दहाबारा पानं झाल्यावर थांबली आणि म्हणाली, "पण दोन रकाने कशाला? लिहिणारे तुम्ही, वाचणारे तुम्ही. माणूस तर एकच." "नियम आहे," तो म्हणाला. "बरं बाई, नियम तर नियम," असं म्हणून तिने पुढचं पान ओढलं. त्याला वाटलं होतं तिला सांगावं, की या दुसऱ्या रकान्यासाठीच तर मी गाडी घेतली. त्यात कधीही एक खोटा शब्द लिहायचा नाही, एवढ्यासाठी. पण सांगायला गेलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि सांगणं हे त्याच्या हातून कधी झालेलं नव्हतं.

शहर मागे पडेपर्यंत गाडी गुणी पोरीसारखी चालली. गोदामांच्या भिंती संपल्या, रस्ता रुंद झाला, त्याने चौथ्यातून पाचव्यात टाकली आणि तेव्हा तो आवाज आला. आला म्हणजे काय, होता. खाली कुठेतरी, मागे, डावीकडे. जात्यात दाणे संपल्यावर जातं जसं कोरडं फिरतं, तशी घरघर. त्याने वेग कमी केला, आवाज खाली गेला. वाढवला, वर आला. उजवीकडे वळण आलं, मालाचा भार डावीकडे झुकला आणि घरघरीत एक खरखर मिसळली. दुसऱ्या कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याचे कान उस्तादांनी घडवलेले. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते म्हातारे ड्रायव्हर. ते म्हणायचे, "घुम्या, तू बोलत नाहीस ते बरंच आहे. गाडीला बोलू दे." नाव त्यांनीच ठेवलेलं, घुम्या. प्रत्येक थांब्यावर उस्ताद खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि एकेका चाकाच्या मध्यभागच्या हबवर हाताची मागची बाजू टेकवायचे, आजाऱ्याच्या कपाळाला लावावी तशी. "तब्येत विचारतोय," म्हणायचे. तळहात कधी लावायचा नाही. तळहात भाजला तर स्टिअरिंग कशाने धरशील?

पहिल्या चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. उजवं मागचं जोडचाक कोमट, जसं असावं तसं. डाव्याच्या हबला हाताची पाठ लावली आणि झटकन मागे घेतली. बेअरिंग. ग्रीस आटलं असेल किंवा आतला एखादा गोळा फुटला असेल. उघडल्याशिवाय कळायचं नाही आणि उघडायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. त्याने चहा घेतला नाही. केबिनमध्ये चढून वही काढली आणि पहिल्या पानावर, डावीकडच्या रकान्यात, एकोणीस वर्षांच्या सवयीने लिहिलं : दहा वाजून दहा मिनिटं. मागचं डावं जोडचाक. घरघर. हब तापलाय, हात ठरत नाही. खाली चालक म्हणून सही. सही झोकात आली. मग तो थांबला. वही मांडीवर ठेवून तो खरोखर वाट पाहत बसला, दोन-तीन मिनिटं तरी, काचेतून समोर बघत, कुणीतरी येऊन वाचेल म्हणून. टपरीवाला कपबशा विसळत होता. त्याच्या डोळ्यांसमोर वहीतलं ते पेन्सिलीचं नाव आलं. दोन वाजता. आता चाक उघडायचं तर संध्याकाळ. साठ मैल राहिलेत, फक्त साठ. सावकाश नेली तर. आणि त्याच्या हाताने उजव्या रकान्यात लिहिलं : पाहिले. चालेल. आणि सही केली. सकाळी खिडकीत न आलेली मालकाची सही या वेळी मात्र एका दमात आली, शेवटच्या अक्षराखाली फराट्यासकट. वही मिटून त्याने समोरच्या फळीवर टाकली आणि गाडी चालू केली. असा काही मोठा विचार केला असंही नाही. हे सगळं इतक्या सहज झालं याचीच त्याला नंतर भीती वाटली.

'चालेल.' हा शब्द त्याने पहिल्यांदा कधी पाहिला होता हे त्याला पक्कं माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी, उस्तादांच्या दोषवहीत. उस्तादांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. शाळा चौथीची, पण लिहायचे सगळं. मागचं डावं चाक ढिलं वाटतंय. आणि याच जुन्या मालकांचं तिरकं अक्षर, चालेल. दोन दिवसांनी पुन्हा, तेच चाक, आणि पुन्हा चालेल. तिसऱ्या वेळी उस्तादांनी खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि मालकांनीही 'चालेल'खाली दोन रेघा मारल्या होत्या, जणू दोघांची चढाओढ. उस्तादांनी ते पान त्याला दाखवून म्हटलं, "बघ, काय म्हणायचं यांना." दुसऱ्या दिवशी भर उन्हात उतारावर ते चाक सुटलं. गाडी उस्तादांनी सावरली, कशी सावरली ते त्यांनाच ठाऊक. चाक मात्र पुढे गेलं, एकटंच. चाकाला काय, उतार मिळाला की ते जातं. रस्त्याच्या कडेला एक माणूस उकिडवा बसून सायकलमध्ये हवा भरत होता. पाठ रस्त्याकडे. त्याला काही कळलंसुद्धा नसेल, असं सगळे म्हणाले. कळलं नसेल हे लोक कशावरून म्हणतात कोण जाणे.

संध्याकाळी मालकांनी त्याला बोलावलं. ओरडले नाहीत, घाबरलेही नव्हते. खुर्चीत बसून नखं बघत म्हणाले, "जा, गाडी आवारात ओढून आणलीय. वही घेऊन ये. नीट बघून आण." एवढंच. पुढे अकरा वर्षांत त्याने स्वतःला हजारदा सांगितलं, की मालकांनी फाडायला सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं. त्यांनी 'नीट बघून' म्हटलं आणि त्याने नीट बघितलं. शिवलेली वही होती. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडीचं पान सुटं होतं आणि लोंबायला लागतं. बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून त्याने तीन पानं फाडली आणि मग त्यांची तीन जोडीची कोरी पानंही अलगद काढून घेतली. वही बारीक झाली, पण स्वच्छ. हे शहाणपण त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चौकशीच्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर बसला होता, उस्तादांच्या बरोबर मागे. उस्ताद निर्धास्त होते. "वहीत आहे साहेब," म्हणाले, "तीनदा लिहिलंय, वाचा की." अधिकारी पानं उलटत राहिला, एकदा, मग उलट्या बाजूने एकदा. मागून त्याला उस्तादांची मान दिसत होती, नुकतीच कापलेल्या केसांखालची, उन्हाने रापलेली, आणि त्या मानेवर हळूहळू घाम आला. मग अधिकाऱ्याने त्याला विचारलं, असं काही लिहिलेलं तुम्ही पाहिलं होतं का? उस्ताद मागे वळले. चेहरा मोकळा, हा काय पोरगा आहेच साक्षीला, असा. तो म्हणाला, "नाही. मी नाही पाहिलं." उस्ताद फक्त पुढे वळले. दोन वर्षं तुरुंगवास झाला त्यांना, परवाना कायमचा गेला. हल्ली ते एका दवाखान्याबाहेर गाड्या लावायच्या जागेवर चिठ्ठ्या फाडतात. एकदा तो लांबून दिसला तेव्हा त्यांनी पाठ केली नाही की मान फिरवली नाही. बघत राहिले, अनोळखी माणसाकडे बघतात तसे. त्याने मुद्दाम दुसरी गल्ली धरली.

ती पानं तो जपून ठेवणार होता. कधीतरी, वेळ आली की, नेऊन देईन म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. त्या आठवड्यात बायकोने तो सदरा धुतला आणि खिशातून ओल्या कागदाचा एक गोळा निघाला. "काय होतं हो हे? महत्त्वाचं नव्हतं ना?" "काही नाही," तो म्हणाला, "बिलं." आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं तो अजून विसरलेला नाही.

घरघर आता सवयीची झाली होती, तेच वाईट. त्याने रेडिओ लावला. रेडिओवर कुणीतरी हसत होतं. आवाज वाढवला तर घरघर ऐकू येईना, आणि ती ऐकू येईना म्हटल्यावर रेडिओ पुन्हा बंद केला. चाळीस मैल. रस्त्याच्या कडेला आज माणसंच माणसं. रोज असतात का एवढी? एक बाई पिशवी खाली ठेवून पोराच्या बुटाची नाडी बांधत होती, पाठ रस्त्याकडे. दोघंजण खांबाला टेकून बोलत होते, पाठ रस्त्याकडे. एक म्हातारा नुसताच बसला होता. सगळ्या जगाने आज रस्त्याकडे पाठ केली होती आणि ती प्रत्येक पाठ त्याला ओळखीची वाटत होती. तो पुटपुटायला लागला, "चालेल, चालेल, सावकाश नेतोय, चालेल." मग त्याच्या लक्षात आलं, की हा आपला आवाज नव्हे. हे वरच्या पट्टीतलं, शब्दाच्या शेवटी किंचित लाडिक झालेलं 'चालेल' जुन्या मालकांचं होतं. त्याची मान ताठ झाली. पुढे रस्ता एका चढावर गेला आणि चढाच्या माथ्यावरून पलीकडचा लांब उतार दिसला, खाली झाडांच्या सावलीत बसथांबा, तिथे पाचसात ठिपके. त्याने ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि हबवर थेट तळहातच टेकवला. चर्र झालं. त्याने हात लगेच काढला नाही.

पुढची पंधरा मिनिटं तो गाडीच्या सावलीत, जखम फुंकत बसला होता. बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. फोन वाजला. कारकून. "कुठपर्यंत आलात?" "गाडी उभी केली, मागच्या चाकातून आवाज येतोय," तो म्हणाला. "उभी? का? मालकांना विचारलंत का?" गडी सकाळची गंमत विसरला होता, त्याच्यासमोर पन्नास गाड्या. याच्या तोंडून निघून गेलं, "मालक चालेल म्हणाले. मीच उभी केली." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "अहो, तुम्ही ते सकाळचे! थट्टा करताय होय?" मग आवाज कामाचा झाला. "हे बघा, तपासायला माणूस पाठवतो, जवळच आहे तो. दोषवही तयार ठेवा. आवाज आत्ताच सुरू झाला आणि तुम्ही लगेच थांबलात, असं असेल तर उशीर माफ, दुसरी गाडी पाठवून माल हलवू, तुमचं नाव राहील. पण दोष माहीत असून गाडी हाकलीत असं निघालं, तर मला खोडावं लागेल. मग या कारखान्याचं दार बंद. माझ्या हातात काही नाही, कळलं?" "कळलं," तो म्हणाला.

केबिनमध्ये चढून त्याने वही मांडीवर घेतली. पहिलंच पान. दोन रकाने, मध्ये बायकोची सूतभर न हललेली रेघ. कोरी वही, एकच पान लिहिलेलं. फाडायला कितीसा वेळ? शिवलेलीच होती ही पण. पान पकडलं, शिवणीपाशी अंगठा दाबला, आणि जोडीचं पान कोणतं ते बोटांनी आपणहून शोधून काढलं, अगदी शेवटचं, कोरं. बोटं विसरत नाहीत. बायको आठवली, पाय खाली न टेकणारी, हसणारी. हप्ते आठवले. पुन्हा त्याच मालकांच्या दारात जाऊन उभं राहायचं हे आठवलं. ते ओरडणार नाहीत, म्हणतील, ये, तू माझा माणूस. जळलेला हात ठणकत होता. फाड, तो स्वतःला म्हणाला. सोपं आहे, येतंय तुला. शिवणीतला दोरा किंचित करकरला. तेवढ्यात खालून स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि कुणीतरी पत्र्यावर टकटक केलं.

तपासनीस वयस्क होता, गळ्यात ओळखपत्र, डोक्याला हेल्मेटने पडलेला वळ. आधी चाकाकडे गेला. वाकून हाताची पाठ हबला लावली, उस्तादांसारखीच, आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "हा उतार उतरला असतात तर चाक राहिलं नसतं," म्हणाला. "कधीपासून येत होता आवाज?" सगळे ड्रायव्हर, सगळे मालक या प्रश्नाला एकच उत्तर देतात, आत्ताच. ते उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलंच होतं. त्याने जीभ चावली आणि वही पुढे केली. पान जागेवर होतं, शिवणीपाशी जरासं चुरगळलेलं.

तपासनिसाने चष्मा लावला आणि डावीकडचा रकाना बोट फिरवत वाचला, पुटपुटत, मग पुन्हा एकदा. "वेळ घातलीय, चाक लिहिलंय, हब तापल्याचं लिहिलंय. असं कुणी लिहीत नाही हो हल्ली." त्याने मान डोलावली. "ड्रायव्हरची काही चूक नाही यात." अकरा वर्षांपूर्वी एका खोलीत, पहिल्या बाकावर बसलेल्या एका माणसाला एवढं एकच वाक्य हवं होतं. ते तिथे कुणी उच्चारलं नाही आणि आज इथे, रस्त्याच्या कडेला, भलत्याच माणसाला फुकट मिळालं. तपासनिसाचं बोट रेघ ओलांडून उजवीकडे गेलं आणि थांबलं. त्याचा चेहरा आंबट झाला. "आणि हे कोण महाशय? एवढं वाचून 'चालेल' लिहितात, वर झोकात सही! यांना धरलं पाहिजे. सुटतात नेहमी हेच लोक. कोण आहे हा मालक? कुठे असतो?"

खाली बसथांब्यावर बस येऊन थांबली होती, माणसं चढत होती. तो भाजलेला हात सदऱ्याला पुसत राहिला.

"मी," तो म्हणाला. "मालक मीच आहे."